चाकूंची पेटी

तिच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं आणि मागे दुकानदार. ही तिची पहिली अट. समोरून काच, वरून काच, दोन्ही कुशींना काच. पाठ तेवढी लाकडाची, आणि ती उघडते पाठीकडूनच. गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, पेटीला हात लावू शकतं, पेटीत हात घालू शकत नाही. चाकू बघायचा तर आधी काचेवर बोट टेकवून दाखवायचं. मग दुकानदार मागचं दार उघडणार, चाकू काढणार, मिटवून तळहातावर घेणार, उघडून पातं पुसणार आणि मूठ तुमच्याकडे करून पुढे धरणार. या सगळ्याला अर्धं मिनिट जातं. धारेची वस्तू हाती पडण्याआधी माणसाने अर्धं मिनिट थांबावं, हे ती पेटी इतकी वर्षं लोकांकडून करून घेत आली.

लातूरच्या गोलाईत ती तीन पिढ्या उभी होती. गोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि सोळा रस्ते येऊन मिळणारे. मुख्य दुमजली इमारत १९१७ सालची. सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं त्या रस्त्यांवर मिळतं. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. स्वतंत्र जिल्हा व्हायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडला. पण व्यापाराचं गाव म्हणून त्याचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. आडतीवर ज्वारी, तूर, करडी घातली, पट्टी हातात पडली की शेतकरी गोलाईत शिरायचा. बायकोला लुगडं, पोराला टोपी, आणि स्वतःसाठी काही घ्यायचंच असेल तर एक घडीचा चाकू. खुरपं, विळा, कुऱ्हाड गावच्या लोहाराकडून येत असे. ती गरज होती. काचेतला चाकू ही हौस होती. तो कोपरीच्या खिशात राहायचा, सुपारी कातरायला, दोरी कापायला, कणीस सोलायला बाहेर यायचा आणि पारावर चारचौघांत हातोहात फिरून यायचा.

पेटीचा सगळा स्वभाव त्या हौशीला ओळखून घडवलेला आहे. समोरची काच सरळ उभी नाही, वरून थोडी मागे कललेली आहे, म्हणजे उभ्या माणसाची नजर थेट पात्यावर पडते आणि रस्त्यावरच्या उजेडाची तिरीप डोळ्यांत येत नाही. चौकटीचं लाकूड बोटाएवढंच जाड, कारण जिथे लाकूड आलं तिथे माल झाकला जातो. इतक्या बारीक चौकटीने एवढी काच पेलायची तर सांधे बिनचूक हवेत, आणि ते तसे आहेत. पुढच्या अंगाला एकही खिळा नाही. खाचेत जीभ बसवून सरसाने चिकटवलेले कोपरे, आणि ते इतकी वर्षं काटकोनात उभे. हे काम करणाऱ्याचं नाव पेटीवर कुठेही नाही. मुंबईत किंवा हैदराबादेत आलेली एखादी विलायती शोकेस त्याने पाहिली असावी आणि डोळ्यांत साठवून गावी आणली असावी. कारण आकार तिकडचा आहे आणि हात इकडचा. चार पाय खरादावर काढलेले आहेत, पण चारही अगदी एकसारखे नाहीत. लाकूड सागवान. किनवटच्या बाजूचा साग, असं तिची दुरुस्ती केलेले मिस्त्री म्हणतात. नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला सागाचं जंगल आहे, आणि मिस्त्रींचा हात लाकडावरून फिरला की त्यांचं मत खोडून काढायची माझी तयारी नसते.

पाठीच्या फळ्या मात्र सागाच्या नाहीत. त्या मालाच्या खोक्याच्या आहेत, विलायती चिडाच्या. त्या काळी हे सर्रास चालत असे: जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे महाग लाकूड कशाला? पेटी पालथी घालून मिस्त्रींनी तळाकडची धूळ पुसली तेव्हा आतल्या बाजूला काळ्या ठशाची अर्धी इंग्रजी अक्षरं उमटली. वाचता येत होतं ते एवढंच: ‘कुर्डु’. पुढचं करवतीने कापून नेलेलं.

एवढ्यावरून तिचा सगळा रस्ता उलगडतो. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली ती लातूरला पोचली. मुंबईहून मोठ्या गाडीने आलेला माल कुर्डुवाडीला उतरायचा, हमालांच्या पाठीवरून छोट्या डब्यांत चढायचा आणि मग बालाघाटाच्या माळांवरून लातुरात. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. मध्ये हद्द आणि हद्दीवर निजामाचं जकात खातं, म्हणजे करोडगिरी. चाकूचं खोकं तिथे उघडलं जाई, मोजलं जाई, पुन्हा ठोकलं जाई. अशा एका खोक्याच्या फळ्या पेटीची पाठ झाल्या. आधी माल वाहिला, मग माल राखला.

त्या खोक्यांतून काय येत होतं? शेफील्डचा माल येत होता, जर्मनीतल्या सोलिंगेनचा येत होता. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सच्या पात्यावर चांदणी आणि माल्टाचा क्रूस अशी खूण असे. ती खूण १६८२ सालची, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या हयातीतली. हिंदुस्थानच्या बाजारात रॉजर्सच्या नावाला इतका मान होता की नकली रॉजर्सही उदंड होते, आणि खुणेतली चांदणी नीट पाच टोकांची आहे का सहा, यावरून बाजारात वाद व्हायचे, असं जुन्या मालकांच्या घरी ऐकलं. देशी चाकू खालच्या फळीवर, अडकित्त्यांच्या शेजारी.

सगळ्यात जास्त खपायचा तो सगळ्यात लहान चाकू. बोटाएवढा, एका पात्याचा. त्याचं काम बोरू तासणं. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू, आणि घरी हिशेबाला मोडी. कारकून असो की विद्यार्थी, बोरू लागायचाच, आणि बोरू म्हटला की तो दर दोन दिवसांनी बोथट होणार. उर्दूच्या कलमेचा काप वेगळा, बाळबोध लिपीचा वेगळा. ज्याला दोन्ही लिहायचं तो दोन बोरू बाळगायचा, पण चाकू एकच. आज चाकू म्हटलं की आपल्या मनात आधी मारामारी येते. या पेटीच्या तरुणपणी तो दौतीशेजारची वस्तू होता. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पोरं पेटीसमोर रांग लावत, आणि काचेला नाक टेकवल्याने खालच्या भागात वाफेचे गोल उठत. ते पुसायचं काम दुकानातल्या धाकट्याकडे.

खालच्या दोन खणांपैकी डावा खण बाहेर काढून उलटा केला तर त्याच्या तळाला शिसपेन्सिलीचे आकडे दिसतात. आकड्याआधी कुठे ‘हा’, कुठे ‘क’. ‘हा’ म्हणजे हाली सिक्का, निजामाचा रुपया. ‘क’ म्हणजे कलदार, इंग्रजी. सात हालीला सहा कलदार असा हिशेब साधारण धरत. हद्दीपलीकडचा व्यापारी आला की कलदारात भाव, गावचा आला की हालीत. एका ठिकाणी ‘हा’ खोडून त्यावर काही लिहिलेलं नाही, नुसता आकडा आहे. तो १९५०च्या दशकातला असणार, कारण त्याच दशकात हाली चलनातून गेला आणि मग कुठला रुपया हे लिहायची गरज उरली नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या मालकांच्या घरी सांगतात, आणि मला ती तिच्या स्वभावाला धरून वाटते. १९४८ साली सप्टेंबरात निजामाविरुद्ध पोलीस अॅक्शन झाली, त्याच्या आधीचे काही महिने पेटीत एकही चाकू मांडलेला नव्हता. रझाकारांचे दिवस होते. गावोगावी माणसं हातात काय मिळेल ते घेऊन जागत होती आणि लातुरात कुणाच्या मनात काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. मालकांनी सगळी पाती काढून घरी धान्याच्या कणगीत पुरली आणि पेटीत अडकित्ते, कात्र्या आणि नखं काढायच्या नऱ्हाण्या मांडल्या. त्या दिवसांत चाकूला चौपट भाव आला असता. त्यांनी विकला नाही. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, आणि पाती लगेच परत आली नाहीत, दिवाळीनंतर आली.

पुढचं सगळं थोडक्यात. बॉलपेन आलं, बोरू गेला. दाढीची पाती आली, वस्तारा न्हाव्याकडे उरला, पुढे तिथेही पात्याचा झाला. विलायती माल येणं आटलं. भावाभावांत दुकान वाटलं गेलं, एका वाटणीत मोबाइलचं दुकान निघालं आणि पेटी गावाबाहेरच्या गोदामात गेली. गोदाम खताचं होतं. खतातून सुटणारा अमोनिया पितळेचा वैरी असतो. पितळ आधी निळं-हिरवं होतं, मग त्याला केसाएवढ्या चिरा जातात. तिच्या बिजागऱ्या अशा चिरल्या. कुणीतरी मध्येच तिचा तळ ‘दुरुस्त’ केला होता: सुटलेला सांधा पांढऱ्या डिंकाने चिकटवून, वर चार खिळे ठोकून, त्यावर चकचकीत मेलामाइनचा हात मारून.

नांदेडला ती आली ती गुरुद्वारा रस्त्यावरच्या एका दुकानदारामुळे. कृपाणं, स्टीलचे कडे, लाकडी कंगवे विकणारं हे कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचं. घरात पंजाबी, बाजारात दखनी आणि मराठी. सरदारजी लातूरला लग्नाला गेले होते, गोदाम पाहिलं, पेटी पाहिली आणि टेम्पोत घालून घेऊन आले. इतवाऱ्यातल्या मिस्त्रींच्या कारखान्यात उतरवली आणि मला निरोप धाडला, कारण जुन्या लाकडाशेजारी बसून राहायची माझी सवय त्यांना ठाऊक आहे.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हत्याराला हात लावला नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पायाच्या आतल्या अंगाला घासला, कापूस तपकिरी आणि चिकट झाला. “चपडी हाय,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर सोडलेल्या राळेची पापुद्र्यांसारखी पत्री. स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडावर चढते, स्पिरिट उडून जातं आणि लाख उरते. तिचा मोठेपणा असा की कितीही जुनी झाली तरी स्पिरिट लागलं की ती पुन्हा सैल पडते. म्हणून जुनं पॉलिश खरवडावं लागत नाही. नवा हात जुन्यात मिसळतो. मेलामाइनला हे जमत नाही. ते एकदा बसलं की बसलं, आणि खराब झालं तर खरवडण्यावाचून इलाज नाही, आणि खरवडलं की लाकडाचा जुना रंगही त्याच्याबरोबर जातो.

सरसाचंही तसंच. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो सरस रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. वास सहन होत नाही, पण सांधा असा धरतो की ओढून सुटत नाही. आणि तोच सांधा सोडवायचा म्हटलं तर गरम पाण्याची पट्टी ठेवायची, पंधरा-वीस मिनिटांत आपसूक ढिला. म्हणजे पेटी घडवणाऱ्याने ती पुढे कुणीतरी उघडेल, दुरुस्त करेल, पुन्हा बांधेल हे धरूनच बांधली. पांढऱ्या डिंकवाल्याने तसं धरलं नाही. तळाचा तो एक सांधा सोडवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात बाकीची सगळी चौकट झाली. कोमट व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवून, डिंक फुगवून, पातळ पटाशीने एकेक थर काढावा लागला. दुरुस्ती करणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्याचे हात बांधू नयेत. मिस्त्री हे बोलून दाखवत नाहीत. जिथे स्क्रू चालतो तिथे ते खिळा मारत नाहीत, एवढंच.

पितळ चिंच-मिठाने नाही धुतलं. घरची भांडी तशी लखलखतात, पण इथे आंबटपणा लाकडात उतरला असता. चिरलेल्या बिजागऱ्यांच्या जागी त्याच मापाच्या जुन्या बिजागऱ्या भंगारातून शोधल्या, तेलाच्या फडक्याने पुसल्या. अलिगढी कुलुपाची किल्ली हरवलेली होती. वजिराबादमधल्या एका किल्लीवाल्याने कुलूप न फोडता, मेणबत्तीच्या काजळीवर ठसे घेत घेत किल्ली घासली. चिडाच्या फळ्यांना कीड होती. तिच्या भोकांत सिरिंजने औषध भरलं. त्या फळ्या बदलून प्लाय टाकावा असं सुचवणारे आले आणि गेले.

चौकट पुसताना समोरच्या डाव्या कोपऱ्यावर कापूस लाल झाला. पॉलिशचा रंग असावा असं मला वाटलं. मिस्त्रींनी भिंग लावलं आणि हात थांबवला. ते कुंकू होतं. खंडेनवमीला शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते. गोलाईतल्या त्या दुकानात तीन पिढ्या दर वर्षी त्याच कोपऱ्यावर हळद-कुंकवाचं बोट टेकलं असणार. दुसऱ्या दिवशी झेंडू निघाला तरी कुंकू खाचेत राहिलं, त्यावर लाखेचा हात चढला, त्यावर पुन्हा कुंकू. मिस्त्री म्हणाले, “हे एकदा काढलं की परत लावता येत नसतंय.” आणि सरदारजींकडे पाहिलं, कारण दुकान त्यांचं आणि त्यांच्या घरी कुंकवाची पूजा नाही. सरदारजींनी वाकून पाहिलं. “राहू द्या मिस्त्री. कुणाच्या तरी हातचं आहे.” त्या कोपऱ्यावरून पुढे नुसता कोरडा कपडा फिरला.

उजव्या कुशीच्या काचेला तडा आहे. लातूरहून सांगून पाठवलेलं होतं की तो ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, भूकंपाचा. किल्लारीच्या त्या पहाटेनंतर लातूर-उस्मानाबादकडच्या माणसांनी घरातल्या प्रत्येक भेगेला तीच तारीख दिली, आणि ज्यांनी ती रात्र काढली त्यांच्यापुढे शंका काढायचा मला हक्क वाटत नाही. पण तडा नीट पाहिला तर तो पट्टीच्या एका खिळ्यापासून निघतो आणि वर जाताना रुंद होत जातो. खिळा काचेला टेकून बसला होता. हादरा बसला असेल. पण हादऱ्याला जागा त्या खिळ्याने दिली. मिस्त्रींनी पट्टी सोडवून खिळा काढला, काच आणि लाकूड यांमध्ये जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेलं ताजं लुकण भरलं, म्हणजे पुढच्या हादऱ्याला काच थोडी हलू शकेल. तडा तसाच ठेवला.

काचा बदलायच्या नाहीत हे मी आग्रहाने म्हटलं, आणि का ते सांगतो. आपण आज बघतो ती सपाट काच इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जगापुढे आणलेल्या रीतीने होते. वितळलेल्या कथलावर काच तरंगवतात, म्हणून ती निर्दोष सपाट. त्याआधीची काच ओढून काढलेली, तिच्यात हलक्या लाटा असतात, मधूनच एखादा बुडबुडा. पेटीची समोरची काच अशी आहे. तिच्यासमोरून चालत गेलं की आतलं पातं वाकतं, सरळ होतं, मुठीचा रंग सरकतो. नव्या काचेत माल स्थिर दिसतो. या काचेत माणूस हलला की मालही हलतो, आणि म्हणून माणूस थांबतो. शंभर वर्षांपूर्वी तो थांबला आणि आजही थांबेल.

आता मखमल. खरा वाद तिच्यावरून झाला, आणि पेटीतलं सगळ्यात मोलाचं तेच होतं.

आतली उतरती फळी मखमलीने मढवलेली. मूळ रंग गडद डाळिंबी; आता मातकट गुलाबी. पण पूर्ण नाही. जिथे जिथे चाकू टाचलेला होता तिथे तिथे उजेड पोचला नाही आणि डाळिंबी रंग जसाच्या तसा राहिला. त्यामुळे रिकाम्या फळीवर सगळे चाकू दिसतात. मध्यभागी सगळ्यात मोठा, उभा, पूर्ण उघडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात लहान लहान होत जाणारे. मुठीची कड, पात्याचं टोक, नखाने उघडायची खाच जिथे येते तिथला हलकासा उंचवटा, सगळं ओळखू येतं. खाली अडकित्त्यांची रांग, दोन पाय फाकलेले. प्रत्येक आकाराच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं, तारेने टाचल्याची. आणि डोळे सरावले की गडद आकारांच्या खाली फिकट आकार दिसू लागतात, वेगळ्या मांडणीचे. म्हणजे मांडणी एकदा बदलली. आधीच्या मांडणीत बोरूचे छोटे चाकू दोन रांगा भरून आहेत. नंतरच्यात एकच रांग उरली आणि तिथे कात्र्या आल्या. शाळांतून बोरू गेला त्याची नोंद या मखमलीवर झालेली आहे, आणि ती कुणी केलेली नाही, उजेडाने केली.

एका जागी आकाराभोवती तपकिरी डाग आहे आणि त्याच्या आसपासच्या चार-पाच आकारांच्या कडाही गंजाने भरलेल्या. तिथे सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू असणार. कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त मुठी त्या काळी सेल्युलॉइडच्या करत. नायट्रो-सेल्युलोज आणि कापूर यांचं ते मिश्रण. जुनं झालं की ते आतून विटतं आणि आम्लाची वाफ सोडतं. बंद पेटीत ती वाफ कोंडते आणि शेजारच्या चांगल्या पोलादाला गंजवते. जुने चाकू जमवणारे म्हणून अशा मुठीचा चाकू कधी इतरांसोबत ठेवत नाहीत. पेटी घडवणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पाठीच्या फळीला वरच्या बाजूला त्याने ओळीने बारीक भोकं पाडलेली आहेत, हवा खेळायला. ती नंतर कुणीतरी धूळ जाते म्हणून बुजवली. मिस्त्रींनी ती उघडली आणि आतून पितळेची बारीक जाळी लावली. धूळ अडेल, वाफ अडणार नाही.

सरदारजींना मखमल बदलायची होती. निळी हवी होती, नवी. मी विरोध केला, आणि त्यांनी शांतपणे जे सांगितलं ते मला पटलं. “भाऊ, हे चाकू नाहीत. अमृत घेतलेला माणूस कृपाण अंगावर वागवतो. ते ज्यावर ठेवायचं ते मळलेलं, विटलेलं चालत नाही.” ज्या गावात गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला, जिथे महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड हा गुरुद्वारा उभा राहिला, जिथे गुरूंची शस्त्रं जपलेली आहेत आणि दिवाळीच्या सुमारास तख्त-स्नानाला गोदावरीच्या पाण्याने ती स्वच्छ केली जातात, त्या गावच्या माणसाने पोलादाच्या अदबीबद्दल बोललेलं ऐकून घ्यावं लागतं.

तोड मिस्त्रींनी काढली. जुन्या फळीला हातच लावायचा नाही. मऊ ब्रशने धूळ मोकळी करायची, धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून हलक्या ओढीने ती शोषून घ्यायची, कसर लागलेल्या दोन ठिकाणी मागून आधार शिवायचा. त्यावर खळ काढलेल्या, धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर. आणि वर पितळेच्या चार खुंट्यांवर टेकणारी पातळ नवी फळी, निळ्या मखमलीची. खुंट्या फिरवल्या की फळी हातात येते. याचा आणखी एक फायदा त्या दोघांशी बोलून झाल्यावर लक्षात आला: जुन्या आकारांचा शत्रू उजेड आहे. जुनी मखमल उघडी राहिली असती तर भोवतालच्या गुलाबी रंगात ते डाळिंबी चाकूही काही वर्षांत विटून मिसळले असते. झाकल्याने ते टिकतील.

मागच्या फळीच्या कडेला पटाशीने कोरलेल्या ओळीने खुणा आहेत, एकेका इंचावर, आणि नवव्या खुणेवर फुली. त्या पाहून सरदारजी हसले आणि म्हणाले, माप मलाही लागतं. १९५९चा शस्त्र कायदा आणि १९६२चे नियम आले, तेव्हापासून नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेतीकामासाठी नसलेली हत्यारं कायद्याच्या यादीत गेली. लातूरच्या दुकानदाराने पेटीवरच मोजपट्टी कोरून घेतली आणि आलेला प्रत्येक चाकू तिच्यावर ठेवून बघितला. कृपाणाची गोष्ट निराळी आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलेला आहे. पण दुकानात येणारा प्रत्येक जण त्या श्रद्धेने येत नाही. यात्रेकरूंसोबत हौशी पोरंही येतात, मोठं पातं मागतात. त्यांना सरदारजी पेटीच्या पुढेच उभं ठेवतात आणि विचारपूस करतात. ते अर्धं मिनिट आता त्यांच्याही कामी येतं.

पॉलिश उन्हाळा संपायच्या आत उरकायचं होतं. दमट हवेत लाख चढवली की पाणी धरते आणि वर पांढरी झाक येते. मिस्त्री आभाळ बघून काम काढत. मलमलीच्या चिंधीत कापूस बांधलेला बोळा, चपडीचं पातळ पाणी, तेलाचा एखादा थेंब, आणि हात कुठेही न थांबवता गोल गोल. थांबला की तिथे डाग. एक हात झाला की पेटी कोपऱ्यात आणि मिस्त्री दुसऱ्या कामाला. काही आठवड्यांनी लाकडाच्या आतून रंग वर आला, पायांच्या खरादलेल्या वळणांतला काळपटपणा तसाच ठेवून. नव्या कोऱ्या पेटीचा तजेला तिला आला नाही, आणि मिस्त्रींनी तो आणू दिला नाही. चमक कुठे थांबवायची हे त्यांना ठाऊक आहे.

आता ती गुरुद्वारा रस्त्यावर आहे. निळ्या मखमलीवर लहान कृपाणं, म्यानाबाहेर काढून मांडलेली. म्यानात पातं ओल धरतं म्हणून म्यानं शेजारी वेगळी. खालच्या खणात कडे, मापावार. नांदेडची बारीक धूळ जाळीतूनही पाझरतेच, सरदारजींचा मुलगा रोज सकाळी तेलाचं फडकं फिरवतो. लातूरहून जुन्या मालकांपैकी एक जण दर्शनाला आले तेव्हा मुद्दाम दुकानात आले. पेटीभोवती फिरले, तडा पाहिला, कोपऱ्यावरच्या कुंकवावर बोट ठेवलं आणि सरदारजींना म्हणाले, “निळं छान दिसायलंय.” सरदारजींनी खुंट्या फिरवून फळी उचलली आणि खालची दाखवली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग मधल्या मोठ्या आकाराकडे बोट करून म्हणाले, हा कधीच विकला गेला नाही, आमच्या काकांनी विकूच दिला नाही, औशाला धाकट्या काकांच्या घरी आहे अजून. सरदारजींनी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला, फोटो मागवला आणि पात्यावरची खूण बघण्यासाठी मलाही बोलावलं. चांदणी सहा टोकांची आहे की पाच, यावर दुकानात अर्धा तास वाद चालला.

एक बारीकशी अडचण राहिली आहे. उजवा खण पावसाळ्यात अडकतो. सरदारजींनी मिस्त्रींना बोलावून रंधा मारायला सांगितलं. मिस्त्रींनी खण दोनदा ओढून पाहिला, तळाला मेणबत्ती घासली आणि उठले. “रंधा नको. लाकूड फुगलंय. नवरात्रापर्यंत आखडतंय बघा. तोवर कडे डाव्या खणात ठेवा.”